औषध द्या, पण गोड द्या (गीता, अध्याय ३, श्लोक १ ते ३)



जवळजवळ अडीच महिन्यांनी लिहितेय. दुसरा अध्याय संपवून आपण थांबलो होतो आणि ‘उद्या भेटू’ म्हणून मी जी गायब झाले ती आज उगवतेय. ज्यांनी मेसेज केले त्यांना उत्तरं देता आली नाहीत, माफ करा. नवऱ्याच्या हृदयाचं दुखणं निघालं. आता तो घरी आहे, बरा आहे, आत्ता शेजारच्या खोलीत आईंशी लोणच्यावरून वाद घालतोय. म्हणून आज लिहायला बसले.

नेमका तिसरा अध्याय समोर आला. दुसऱ्या कुठल्या श्लोकावर आज मला लिहिता आलं नसतं.

तिसऱ्याची सुरुवात अर्जुनाच्या तक्रारीने होते. पाठांतर करताना हे श्लोक आपण भराभर म्हणून टाकतो, कारण खरा कर्मयोग पुढे आहे असं वाटतं. पण जरा थांबून बघा. अर्जुन देवाला म्हणतोय की कर्मापेक्षा बुद्धी मोठी असं तुझंच मत असेल, तर मग या भयंकर कामात मला का लोटतोस? तुझं बोलणं मला सरमिसळ वाटतंय, डोकं गोंधळतंय. एक काय ते नक्की सांग.

माउलींनी या तक्रारीला ओव्यांमागून ओव्या दिल्या आहेत, आणि त्यातला अर्जुन चक्क चिडलेला आहे. तिथे तो एक दाखला देतो तो वैद्याचा. वैद्य आधी पथ्य सांगतो आणि नंतर स्वतःच विष घालतो, असं झालं तर रोग्याने जगायचं कसं, असं विचारतो. थोडं पुढे गेल्यावर तोच अर्जुन आणखी एक गोष्ट मागतो: रोग जाईल असं औषध दे, पण ते चवीलाही छान लागू दे.

मी हे आधी किती वेळा वाचलं असेल! दरवेळी हसून पुढे गेले होते. या वेळी हॉस्पिटलच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मोबाइलवर वाचलं आणि हसू आलं नाही.

झालं असं. नवरा ४३ वर्षांचा, सहा वर्षांपासून मधुमेह. डोंबिवली स्टेशनचा जिना चढताना छातीत दाब यायला लागला. थांबलं की जायचा. तो म्हणायचा ॲसिडिटी. महिनाभर त्याने ती ॲसिडिटी सांभाळली आणि मीही त्याला जेलुसिल आणून दिलं, हे सांगून टाकलेलं बरं. मग ट्रेडमिलची टेस्ट खराब आली आणि अँजिओग्राफी ठरली.

मी बाहेर बसले होते. वीसेक मिनिटांत डॉक्टर बाहेर आले, एका स्क्रीनपाशी नेलं. तीन रक्तवाहिन्यांत अडथळे. त्यातली पुढची मुख्य, एलएडी, मुळाशीच ९० टक्के बंद. ‘पेशंट टेबलवरच आहे, तीन स्टेंट टाकून घेऊ, इथे सही करा.’ मी विचारलं, त्याला सांगितलंय का? म्हणाले, त्याला टेन्शन कशाला द्यायचं? मी विचारलं, आत्ता या मिनिटाला जिवाला धोका आहे का? ते म्हणाले, या मिनिटाला नाही, पण सांगता येत नाही. मी म्हटलं, मग थांबा.

ते म्हणाले, ‘ठीक आहे. तुमच्या जबाबदारीवर.’

हे शब्द पुढचे अकरा दिवस माझ्या उशाशी होते. रात्री तो कुशीवर वळला तरी मी उठून श्वास बघायची. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचं न बोलणं मला ऐकू येत होतं. आत्याबाई मात्र फोनवर स्पष्टच म्हणाल्या, दारात आलेला उपाय परत पाठवलास.

इथे एक गोष्ट ठळक सांगते, कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरी उद्या प्रसंग येईल. मी ‘थांबा’ म्हणू शकले कारण त्याला हार्ट अटॅक आलेला नव्हता. बसल्याजागी छातीत दुखतंय, काही मिनिटांत थांबत नाही, घाम फुटलाय, जबडा किंवा हात भरून येतोय, श्वास लागतोय, तर तिथे दुसरा सल्ला, तिसरा सल्ला काही नाही. १०८ ला फोन आणि जवळचं हृदयाची सोय असलेलं हॉस्पिटल. अटॅक चालू असताना बंद रक्तवाहिनी जितकी लवकर उघडेल तितकं हृदय वाचतं. त्या वेळी चर्चा करत बसणं म्हणजे जीव घालवणं.

आता त्या अकरा दिवसांकडे येते.

दुसऱ्या हॉस्पिटलात गेलो. तिथले डॉक्टर सीडी बघून म्हणाले, मधुमेह आहे, तिन्ही वाहिन्या आहेत, बायपासच करा, स्टेंटचा विचारही नको. तिसरे आमचे जुने फिजिशियन. सासऱ्यांपासून घरचं सगळं त्यांनी बघितलेलं. ते म्हणाले, इतकी घाई काय आहे? हृदयाचं पंपिंग चांगलं आहे, गोळ्या नीट सुरू करू, साखर आणि कोलेस्टेरॉल खाली आणू, मग बघू. शिवाय एक काका होते, त्यांच्या ओळखीत कुणीतरी सलाइनमधून औषध देऊन ब्लॉकेज ‘धुवून’ काढतं म्हणे. आणि एक सत्संगातल्या ताई, ज्या मला प्रेमाने म्हणाल्या की इतके डॉक्टर फिरतेस म्हणजे श्रद्धा कमी पडतेय तुझी.

तीन डॉक्टर, तीन उत्तरं. तिघेही शिकलेले, तिघेही प्रामाणिक. (पहिल्यांबद्दल माझ्या मनात अजून थोडा राग आहे, पण त्यांचं निदान बरोबर होतं.) अर्जुनाला निदान एकाच माणसाच्या दोन वाक्यांचा मेळ लावायचा होता.

आणि मी काय केलं? मी एक्सेल शीट केली. खरंच. उभ्या रकान्यात डॉक्टर, आडव्या रकान्यात मुद्दे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचायची. कन्सल्टेशनला नवरा खुर्चीत बसलेला असायचा आणि बोलायची मी. ‘ह्याची शुगर अशी, ह्याचं दुखणं असं.’ बाहेर आलो की त्याला विचारायची, काय वाटतं? आणि त्याने तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगायची काय वाटायला हवं ते.

एका रात्री मी शीट दाखवत होते. तो म्हणाला, ‘छाती माझी आहे ना?’

आवाज चढवला नव्हता. तसंच म्हणाला आणि दिवा बंद करून झोपला. झोपला नव्हता, हे मला माहीत होतं.

त्या रात्री हे तीन श्लोक काढून बसले. आणि दोन गोष्टी दिसल्या, ज्या आधी कधी दिसल्या नव्हत्या.

एक म्हणजे ती गोड औषधाची मागणी. आम्ही दोघंही तेच करत होतो! जुने फिजिशियन आम्हाला ‘खरे चांगले डॉक्टर’ वाटत होते, का? तर त्यांचं बोलणं सगळ्यात कमी दुखत होतं. नवऱ्याचा कल स्टेंटकडे होता, कारण छाती कापायची नाही, दोन दिवसांत घरी. बायपासवाल्या डॉक्टरांना आम्ही घरी येऊन ‘जरा उद्धट आहेत नाही?’ म्हणालो होतो. ते उद्धट अजिबात नव्हते, त्यांचं औषध कडू होतं. आम्ही सल्ला पारखत नव्हतो, चव घेत होतो. मित्रमैत्रिणींनो, हे फक्त आजारपणात होतं असं नाही, पण आजारपणात त्याची किंमत मोठी असते.

दुसरी गोष्ट तिसऱ्या श्लोकात. अर्जुन एवढं बोलला तरी देव रागावत नाही. ‘माझ्यावर विश्वास नाही का’ असं म्हणत नाही. तो म्हणतो की या जगात दोन निष्ठा मी आधीच सांगितल्या आहेत, ज्ञानाच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी एक आणि कर्माच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी दुसरी. म्हणजे वाक्यं एकमेकांना खोडत नव्हती. ती वेगवेगळ्या माणसासाठी होती. अर्जुनाने दोन्ही एकाच टोपलीत टाकली म्हणून ती भांडायला लागली.

डॉक्टर म्हणजे देव असं मला म्हणायचं नाही, ते तर स्वतःही तसं म्हणू देत नाहीत. पण मी एक्सेल पुन्हा उघडली आणि एक नवा रकाना घातला: हे डॉक्टर नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतायत? पहिले देत होते ‘जिना चढताना दुखणं कसं थांबेल?’ याचं. दुसरे देत होते ‘पुढची दहा-पंधरा वर्षं कशी मिळतील?’ याचं. आणि आमचे जुने डॉक्टर देत होते ‘याच आठवड्यात काही केलंच पाहिजे का?’ याचं. तिन्ही उत्तरं आपापल्या प्रश्नाला बरीचशी बरोबर होती. आमचा प्रश्न कोणता, हेच आम्ही ठरवलं नव्हतं. आणि तो ठरवणारी मी नव्हतेच.

सकाळी चहा करून त्याच्यासमोर बसले आणि विचारलं, तुला काय हवंय? सल्ला कोणता ते नको सांगूस, हवंय काय ते सांग.

बराच वेळ गप्प होता. मग बोलला. त्याच्या बाबांची बायपास त्याने कॉलेजात असताना बघितली होती. आयसीयूच्या काचेतून दिसलेले बाबा, नंतर खोकला आला की छाती धरून रडणारे बाबा. त्याला टेबलावर मरायची भीती नव्हती. आपल्या मुलीने आपल्याला तसं बघू नये, एवढंच होतं. ती दहा वर्षांची आहे. मी म्हटलं, आणि दहा वर्षांनी? तो म्हणाला, दहा वर्षांनी मला तिच्या कॉलेजला सोडायला जायचंय. परत परत टेबलावर जायचं नाहीये. एकदाच काय ते होऊ दे.

अकरा वर्षांच्या संसारात बाबांच्या त्या काचेबद्दल मला काही माहीत नव्हतं. एक्सेलमध्ये तो रकानाच नव्हता.

त्यानंतर आम्ही असं हॉस्पिटल शोधलं जिथे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन दोघे एकत्र बसून केस बघतात. अशा केसमध्ये, म्हणजे मधुमेह आणि एकापेक्षा जास्त वाहिन्या, असं एकत्र बसून ठरवावं असं वैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात. हे आधी माहीत असतं तर आमचे अनेक दिवस वाचले असते. सीडी आणि रिपोर्ट हातात होते. (हॉस्पिटलात दाखल असतानाचे कागद मागितले तर ७२ तासांत द्यावेत असा नियम आहे, लाजू नका.) एक फाइल केली, तारखेप्रमाणे लावलेली, वरच्या पानावर सध्याच्या गोळ्या आणि त्यांचे डोस. आणि एका कागदावर त्याच्या अक्षरात चार प्रश्न.

या वेळी तो बोलला. मी लिहून घेतलं.

तिथे कळलेलं थोडक्यात सांगते. स्टेंट हा वाहिनीतल्या एका जागेला आतून आधार देतो. बायपासमध्ये छातीच्या आतल्या भिंतीवरची धमनी किंवा पायातली शीर वापरून अडथळ्याच्या पलीकडे नवा रस्ता जोडतात. त्यामुळे त्याच वाहिनीच्या वरच्या भागात उद्या नवा अडथळा आला तरी पुढे रक्त पोचत राहतं. मधुमेहात वाहिन्या अशा जागोजागी खराब होत जातात, म्हणून हा फरक मोठा. २०१२ मध्ये फ्रीडम नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असेच १९०० रुग्ण होते, मधुमेही आणि अनेक वाहिन्यांवाले. पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी झालेले स्टेंटवाल्यांत साधारण २७ टक्के, बायपासवाल्यांत साधारण १९. पण पक्षाघात बायपासनंतर जास्त दिसला, ५ टक्के विरुद्ध अडीच. सर्जननी हा दुसरा आकडा न विचारता सांगितला, तेव्हा माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

आणि आमचे जुने डॉक्टर? तेही हवेत बोलत नव्हते. २०२० मध्ये आलेल्या इस्केमिया नावाच्या अभ्यासात पाच हजारांहून जास्त रुग्ण होते, ज्यांचं दुखणं स्थिर होतं. लगेच स्टेंट-बायपास केलेल्यांत आणि आधी औषधांवर ठेवलेल्यांत मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. म्हणजे माझं ‘थांबा’ वेडेपणाचं नव्हतं. मी हे ऐकलं आणि तिथेच, तीन अनोळखी माणसांसमोर, रडले. पण औषधं आणि साखरेवरचा ताबा काहीही केलं तरी आयुष्यभर लागणारच, आणि एलएडीच्या मुळाशी इतका अडथळा, शिवाय मधुमेह, असं असताना त्याच्या ‘दहा वर्षांनी’ला बायपास जास्त जवळचं होतं. सलाइनने धुण्याबद्दल विचारलं. दोघांनी एकदमच मान हलवली, त्यावर वेळ घालवला नाही, मीही घालवत नाही.

शेवटी सर्जन त्याला म्हणाले, सगळं सांगितलंय, घरी जा, विचार करा, तुम्ही ठरवा. त्या वाक्याला मी मनातल्या मनात थेट अठराव्या अध्यायात जाऊन पोचले. सातशे श्लोकांची गीता सांगून झाल्यावर देवही शेवटी जवळपास हेच म्हणतो, की हे सगळं नीट पारखून घे आणि मग तुला वाटेल तसं कर. इतकं सगळं सांगणारा, विश्वरूप दाखवणारा देव, आणि निर्णय मात्र अर्जुनाच्या हातात! आणि मी, चार पीडीएफ वाचून, नवऱ्याचा निर्णय घ्यायला निघाले होते. कृष्णाने लगाम धरले होते, धनुष्य नव्हतं उचललं.

त्या सत्संगातल्या ताईंना मी काही उत्तर दिलं नाही. पण तुम्हाला सांगते, कारण तुमच्यातल्याही कुणाला असं ऐकावं लागेल. अर्जुनाने ही तक्रार एकदाच केली नाही. पाचव्या अध्यायाच्या सुरुवातीला तो परत विचारतो की तू एकदा संन्यास चांगला म्हणतोस, एकदा योग, दोघांतलं चांगलं कोणतं ते एक सांग. देव दोन्ही वेळा उत्तर देतो. दुसरं मत घेणं हा अविश्वास असेल तर गीता दुसऱ्या अध्यायातच संपली असती.

ऑपरेशनच्या दिवशी मात्र मला काही वाचता आलं नाही. हरिपाठही मध्येच तुटत होता. नेवाशाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. परंपरा सांगते की सच्चिदानंदबाबांचा प्राण गेला होता, बायको सती जायला निघाली होती आणि माउलींनी त्यांना उठवलं. पुढे तेच शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरीचे लेखक झाले. लहानपणापासून आवडती गोष्ट. त्या दिवशी ती मनात आली की मी मुद्दाम दुसरीकडे बघायची. मला चमत्कार मागायची भीती वाटत होती, नाही मिळाला तर काय, म्हणून. नुसती सासूबाईंचा हात धरून बसले. चार तासांनी त्या म्हणाल्या, ‘तू थांबवलंस ते बरं केलंस, नीट विचार झाला.’ त्या दिवसाचं माझं नामस्मरण म्हणजे हे एक वाक्य, ते मी जपत बसले.

घरी आल्यावरचं कुणी फारसं सांगत नाही, म्हणून थोडं. खोकला-शिंक आली की छातीशी उशी घट्ट धरायची, ती सतत हाताशी ठेवा. छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे जातात. तोवर जड उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही, कुशीवर झोपायचं ते डॉक्टरांना विचारून. शरीरापेक्षा मन जास्त पडतं. तिसऱ्या आठवड्यात तो विनाकारण रडायला लागला. मी घाबरले, पण हे बऱ्याच जणांना होतं, आणि हेही डॉक्टरांना सांगायचं असतं, लपवायचं नसतं. नातेवाईक भेटायला येऊन ‘मन खंबीर ठेव’ म्हणायचे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो ‘हृदयदौर्बल्य’ शब्द आहे ना, त्यावर नवरा म्हणाला, ‘कृष्णाने अर्जुनाची टूडी इको काढली नव्हती, म्हणून बोलला.’ त्या दिवशी कळलं, हा आता बरा होणार.

मुलीला त्याने पाचव्या दिवशी भेटायला बोलावलं. काचेतून बघायचं नाही, आत यायचं, हे त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. तिने टाके बघितले आणि विचारलं, ‘ही चेन उघडते का?’

आता आठवा आठवडा चालू आहे. सकाळी साडेसहाला तो फडके रोडने गणेश मंदिरापर्यंत चालत जातो. मी बरोबर जात नाही, त्याने नको म्हटलंय. पहिले दोन दिवस खिडकीत उभी राहिले, आता वाचायला बसते. तो परत येईपर्यंत एक श्लोक होतो.

उद्या चौथा.

राम कृष्ण हरी.